पाण्यानं मेलेली मिरची

लातूरकराला परसबागेचा नाद लागावा म्हणजे जरा खुळेपणाच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आमच्याच गावात. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांपाशी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली. त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या अंगणात एक शेवगा आणि एक कढीपत्ता, एवढंच हिरवं उरलं होतं. तरीही २०२३ च्या दिवाळीनंतर मी मागची पंधरा बाय वीस फुटांची जागा खणायला घेतली. वर्षही कसं निवडलं बघा. त्या सालचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता.

हिवाळ्यानं लाडावून ठेवलं. मेथी, पालक, चुका, वांगी, सगळं आपोआप आल्यासारखं आलं. शेजारी वाटलं, शाळेत डब्यातून मिरवलं. मार्च लागला आणि माझी खरी शाळा भरली.

पहिला धडा पाइपानं दिला. सकाळची शाळा सुटून घरी यायला दुपारचे साडेबारा व्हायचे. मिरचीची रोपं माना टाकून उभी. जीव कळवळला, नळाला पाइप लावला आणि सोडलं पाणी. काळा पाइप सकाळपासून फरशीवर तापत पडलेला. पहिलं अर्धं बादलीभर पाणी अक्षरशः चहाचं आधण होतं, बोटाला चटका बसला तेव्हा कळलं. तोवर दोन आळी भरली होती. ती दोन रोपं तिसऱ्या दिवशी तळापासून काळी पडली. गंमत म्हणजे बाकीची, ज्यांच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते, ती सहा वाजता आपली आपण ताठ झाली. दुपारी पान मान टाकतं ते बऱ्याचदा उन्हापासून अंग चोरण्यासाठी. तहान बघायची तर सकाळी सातला बघायची. तेव्हाही झाड मलूल असेल तर ते खरंच तहानलेलं.

टोमॅटोला फुलं लागत होती आणि गळत होती. मी शेणकाला दिला, ताक शिंपडलं, कुणी सांगितलं ते सगळं केलं. शेवटी ओळखीच्या एका कृषी सहायकांनी एका वाक्यात निकाल लावला, "ताई, दिवसा पस्तिसाच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर परागच निकामी होतात, फळ धरणार कसं?" आमच्या भिंतीवरचा तापमापक तेव्हा चाळिशी ओलांडून बसलेला. मी टोमॅटो उपटले. वाईट वाटलं, पण त्यांच्या वाट्याचं पाणी दोडक्याला गेलं. उन्हाळ्यात काय जगवायचं यापेक्षा काय सोडून द्यायचं हे आधी ठरवावं लागतं, असं माझं मत झालंय. त्याच जागेत कुंपणाशी घोळ आणि तांदुळजा कुणी न लावता माजला होता. मी तो तण म्हणून काढत होते आणि आत्याबाई तो मागून वेचून डाळ घालून भाजी करत होत्या.

सावलीच्या जाळीतही मी चुकले. दुकानात पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी जाळी घेतली, जास्त सावली म्हणजे जास्त बरं या हिशेबानं. वांगी उजेड शोधत शेलाटी वाढली, नुसते दांडे, फूल नाही. त्यात मी ती डोक्याला लागेल इतकी खाली बांधलेली, आत वाफ कोंडायची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वावटळ आली आणि बांबूसकट जाळी शेजारच्यांच्या सोलरवर जाऊन पडली. भांडण झालं नाही, मधे तांदुळजा वाटलेला कामी आला. मग पन्नास टक्क्यांची आणली, साडेसात फुटांवर ताणली, आणि फक्त पश्चिमेच्या अंगाला खाली सोडली. दुपारी तीनचं ऊन तेवढं अडलं की पुरतं, सकाळचं झाडाला हवंच असतं.

आता माठाचं सांगते. जमिनीत माठ पुरायचा, तोंड दोन बोटं वर ठेवायचं, पाणी भरायचं. ते अंगातून पाझरतं आणि भोवतालच्या मुळांना लागेल तसं मिळतं. माळ्यावर तीन जुने माठ पडून होते, फुकटात काम. मोठ्या उत्साहानं खड्डे घेतले, माठ पुरले, भोवती कारलं आणि दोडका टोकला. चार दिवसांनी झाकण काढून बघितलं तर पाणी होतं तिथंच. मला वाटलं, वा, किती बचत! कारल्याचे कोंब मात्र सुकायला लागलेले.

आत्याबाई काठी टेकत आल्या, आत डोकावल्या. म्हणाल्या, "हे माठ माळ्यावर का टाकले होते गं?"

"पाणी गार होत नव्हतं म्हणून."

"मग? जो माठ पाणी गार करीना, त्यो पाझरंल कसा?"

मी विज्ञान शिकवते! पाझरलेलं पाणी उडतं म्हणून माठ गार होतो, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. आमच्या बोअरच्या क्षारांनी त्या माठांची छिद्रं कधीच बुजवली होती, बाहेरून पांढरी पुटं दिसत होती ती त्याचीच. नवे माठ कुंभाराकडून आणले, रंग न दिलेले, साधे. घरी आणून भरून ठेवले, तासाभरात अंग ओलसर झालं तेव्हाच पुरले. तोंडावर फरशीचा तुकडा, नाहीतर डासांची पैदास होते. दहा लिटरचा माठ तिसऱ्या दिवशी भरावा लागायचा. त्यात डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालू नका, आतून बुरशी येऊन छिद्रं बुजतात. ते थेट आळ्यात. न्हाणीचं साबणाचं पाणी अळूला आणि केळीला. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मी दोन महिने कुंड्यांना घातलं आणि मातीवर पांढरी साय धरली. ते आता फरशी पुसायला.

आळ्यांवर दिराच्या शेतातलं उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरलं. त्याखाली हात घातला की भर मे महिन्यात गारवा लागायचा. वाळवीही लागली. निंबोळी पेंड टाकली, पाचट बुंध्यापासून वीतभर लांब सरकवलं, आणि बाकी सहन केलं. भेंडी 'परभणी क्रांती' लावली होती, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण, केवडा या विषाणूच्या रोगाला दाद देऊ नये म्हणूनच काढलेलं. माझ्याकडं दोन झाडांची पानं पिवळ्या शिरांची झालीच. ती उपटून टाकली, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते. बाकीच्यांनी जूनपर्यंत दिवसाआड मूठभर भेंडी दिली. पाऊस लागल्यावर एक माठ काढला तेव्हा त्याच्या पोटाभोवती कारल्याच्या पांढऱ्या मुळ्यांची जाळी होती, कुणीतरी विणून चढवल्यासारखी. कितीतरी वेळ ती बघत बसले होते.

एवढं शिकल्यावर २०२५ च्या उन्हाळ्यासाठी मी जय्यत तयार. जाळी, पाचट, सहा माठ. आणि मे महिन्यातच आभाळ फाटलं. २४ मे ला मान्सून केरळात, २६ ला मुंबईत. आमच्याकडं त्याच्याही आधीपासून वळीव कोसळत होता. पाचट सडलं, त्याखाली गोगलगायी. मी तहानेची तयारी केलेली आणि परीक्षा आली बुडण्याची.

सप्टेंबर तर विसरता येणार नाही. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. दिराचं सोयाबीन शेंगांत उगवलं, आणि खालच्या अंगाच्या पट्टीतली माती पार खरडून गेली. त्याच्यासमोर माझ्या अठरा मिरच्यांचं नाव काढायचीसुद्धा लाज वाटायची. तरी त्या माझ्या होत्या. घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी माना टाकल्या, थेट उन्हाळ्यातल्यासारख्या. काळी माती फुगली की तिच्यात हवेला जागा राहत नाही, मुळं गुदमरतात. मग पाण्यात उभं असलेलं झाडही पाणी पिऊ शकत नाही.

भर पावसात कुदळ घेऊन चर मारला, वाफ्यापासून थेट गटारापर्यंत. यांनी छत्री धरली, कुणावर ते मला कळलं नाही, मी तर चिंब होते. अठरातल्या सात वाचल्या. ज्या सात वाचल्या त्या सगळ्या भिंतीकडच्या उंचवट्यावरच्या, म्हणजे चर मारण्यातलं श्रेयही तसं अर्धंच. मग उघडीप मिळेल तशा जुन्या विटा लावून फूटभर उंचीचे गादीवाफे केले, आत मुरूम, शेणखत आणि आपलीच माती. आता वाटतं, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. उन्हाळ्यात हे वाफे लवकर वाळतील हे खरं, पण त्याला माठ आहेत. बुडालेल्या मुळाला काही इलाज नाही.

दसरा झाला तरी माती चिखलच. मला मेथी टाकायची घाई. आत्याबाई रोज सकाळी मूठभर माती उचलायच्या, दाबायच्या आणि गोळा फरशीवर टाकायच्या. थपकन बसला, की "आज न्हाई. ओल जरा उतरू दे, वाफसा यिऊ दे." पाचव्या सकाळी गोळा पडला आणि फुटला. त्या काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातली चप्पल उचलली, फरशीवर मूठभर धने पसरले आणि कोथिंबिरीसाठी ते रगडायला बसल्या.