सातवीच्या वर्गात ट्वाइन चालवून बघितलं, माझा अनुभव

आमच्या सातवीला उतारा वाचा म्हटलं की अर्धा वर्ग आधी खालचे प्रश्न बघतो आणि उत्तरापुरताच वर सरकतो. म्हणून म्हटलं, वाचल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं काहीतरी देऊ. झॉर्कसारखे १९७७ पासूनचे टेक्स्ट गेम माहीत होते, पण त्यात कमांड इंग्रजीत टाइप करायची, मराठीच्या तासाला काय कामाचं? मग ट्वाइन घेतलं, म्हणजे वाचणारा लिंकवर क्लिक करत आपली वाट निवडतो अशा गोष्टी बनवायचं साधन. क्रिस क्लिमासने २००९ मध्ये आणलेलं, फुकट, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी बिनतक्रार घेतं. दुहेरी चौकटी कंसात काही लिहिलं की लिंक होते आणि पुढचं पानही आपोआप बनतं, एवढं आलं की बास.

पहिली गोष्ट मीच लिहिली, पडक्या वाड्याची, चावी कुठाय ते वर्णनातच लपवलेलं. नुसतं क्लिक करत सुटलेले सगळे कुलपाशी अडकले आणि मग गुपचूप मागे जाऊन वाचायला लागले.

नंतर गट करून त्यांनाच लिहायला दिलं. इथे शुद्धलेखनाचं काम ट्वाइननेच केलं, कारण पानाचं नाव 'विहीर' आणि लिंकमध्ये 'विहिर' लिहिलं की त्याला ती दोन वेगळी पानं वाटतात, खेळणारा थेट कोऱ्या पानावर. माझ्या लाल पेनाला इतकं कोणी कधी घाबरलं नव्हतं 😄

(करणार असाल तर रोज फाइल डाउनलोड करून ठेवा, गोष्ट ब्राउझरमध्ये सेव्ह होते, कोणी डेटा क्लिअर केला की गेली. पब्लिश केलेली एचटीएमएल फाइल मोबाइलवर नेटशिवायही चालते.)

खरी मजा गोष्टीत खेळणाऱ्याला 'तू' म्हणण्याची झाली. 'तू आत गेलास' लिहिलं की मुली म्हणणार आम्ही कुठे? एका गटाने सुरुवातीलाच मुलगा की मुलगी विचारून दोन वाटा केल्या आणि लिखाण डबल झाल्यावर कंटाळले. दुसऱ्यांना सापडलं की 'तू दार उघडलंस' दोघांनाही चालतं, कारण क्रियापद दाराप्रमाणे बदलतं, म्हणजे व्याकरणातल्या प्रयोगाचा धडा मी काढायच्या आधीच निम्मा झाला, पण 'गेलास', 'पळालास' आलं की परत गाडी अडते, मग 'तुला समोर जिना दिसतो' अशी वाक्यं फिरवत बसले. तिसऱ्या गटाने सरळ 'तुम्ही' केलं, सगळं सुटलं, पण वर्ग काही ऐकेना, म्हणे गोष्टीतलं भूत कधी कुणाला अहो-जाहो करतं का?