खिशातली बाटली

ॲलर्जीच्या सर्दीसाठी ॲक्युपंक्चरच्या सुया लावून घेणाऱ्या एका पेशंटचं कोडं सुटत नव्हतं. शिंका कमी झाल्या, डोळ्यांची खाज गेली, नाक मात्र चोंदलेलंच.

सुया टोचायचे बिंदू नेहमीचेच होते, त्यांची ठरलेली नावं अशी. नाकपुडीच्या कडेला गालाच्या घडीत एलआय २०, भुवयांमध्ये यिनतांग, अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात एलआय ४ (गरोदर बाईला हा टाळतात), गुडघ्याखाली एसटी ३६. एलआय २० ला सुई सरळ खुपसत नाहीत. तिरकी धरून नाकाच्या मुळाकडे, सेंटिमीटरभराच्या आतच सरकवतात. यिनतांगला कातडी चिमटीत उचलून सुई खालच्या दिशेने. मग वीसेक मिनिटं पडून राहायचं. एलआय २० ला डोळ्यांत पाणी येतं, कधी शिंकही. ती येतेय असं दिसलं की आधी नाकाजवळच्या सुया काढायच्या, नाहीतर झटक्याने सुई वाकते आणि गालावर काळंनिळं होतं.

त्या दिवशी आडवं होण्याआधी त्याने खिशातून छोटी बाटली काढली, दोन्ही नाकपुड्यांत थेंब टाकले. झायलोमेटाझोलिन.

"कधीपासून घालताय?"

"वर्ष होत आलं. पण ते औषध नाही हो, नुसते थेंब!"

इथेच मेख होती. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून श्वास लगेच मोकळा होतो. चार-पाच दिवसांपलीकडे रोज घातले, तर असर उतरताच अस्तर आणखी सुजतं, आणि माणूस पुन्हा बाटली उघडतो. ती सूज सुईने उतरत नाही. सुयांकडून फार मागूही नये: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४२२ जणांवरच्या जर्मन चाचणीत १२ बैठकांनंतर, आठव्या आठवड्याला फायदा दिसला, सोळाव्याला खऱ्या सुया घेतलेल्या आणि बाकीच्या गटांत फरक उरला नव्हता.

त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करायला सांगितले, म्हणजे निदान दुसरीतून झोप लागते. स्प्रे उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचा, स्प्रेचं तोंड नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. गुण यायला दिवस लागतात, आणि नेमके तेवढ्यातच लोक कंटाळून बाटलीकडे वळतात.

तो वळला नाही. पहिली नाकपुडी सुटल्यावर दुसरीचे थेंबही बंद झाले. शिंकांसाठी सुया चालू ठेवल्या. नाक मोकळं झाल्याचं श्रेय मात्र स्प्रेचं आणि त्याच्या चिकाटीचं.