टंकीत किती उरलंय

आमच्या इंदूरात गॅसला सिलिंडर फारसं कोणी म्हणत नाही, टंकी म्हणतात. पुण्याची मावसबहीण पहिल्यांदा राहायला आली तेव्हा मी फोनवर कोणाला तरी म्हणाले, "थांब गं, टंकी संपली, दुसरी लावते," तर ती बिचारी गच्चीकडे बघायला लागली. तिला वाटलं पाण्याची. तशी तीही टंकीच. दोघींनी आम्हाला सारखंच छळलंय, फक्त उलट्या बाजूंनी, वरची भरून वाहायला लागली की कळते आणि खालची रिकामी झाली की. वरचीचा बंदोबस्त केव्हाच झाला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मोटर लावून विसरलं की गच्चीवरून धबधबा, म्हणून तो बोलणारा अलार्म बसवला, टंकी भरली की एक बाई हिंदीत विनवण्या करत बसते की मोटर बंद करा. आता तीच बाई गल्लीत चार घरांत आहे त्यामुळे कोणाची भरली ते बघायला चारही घरची माणसं बाहेर येतात, तो भाग वेगळा. पण खालची मुकीच राहिली.

मुकी म्हणजे अगदीच मुकी नाही, तिची भाषा आमच्या सासूबाईंना येते. आईंचं मुख्य शास्त्र म्हणजे कालनिर्णय. टंकी लावली त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात "टं." एवढंच लिहायचं, खाली कोणती चतुर्थी आहे त्याच्यावर शाई जाऊ न देता. मग तीस दिवस झाले की आईंचे कान टवकारतात. भांड्यांची बुडं काळी पडायला लागली, ज्योत निळीची पिवळट व्हायला लागली, शेगडी पेटवताना वास नेहमीपेक्षा जास्त आला, की म्हणायचं "आली बरं का संपत". फारच शंका आली तर ओलं फडकं. टंकीवरून ओलं फडकं फिरवायचं आणि बघत बसायचं, वरचा भाग पटकन सुकतो आणि जिथपर्यंत आत द्रव आहे तिथपर्यंत ओल टिकते, त्या रेषेवर बोट ठेवून आई सांगणार, "चार दिवस. पाहुणे आले तर तीन." आणि एवढं सगळं करूनही टंकी संपायची ती बरोबर कणीक मळून झाल्यावर. पण एक होतं, संपली की संपली. कोणी कोणाला काही म्हणायचं नाही. हे उठायचे, कोपऱ्यातली दुसरी टंकी घरंगळत आणायचे, रेग्युलेटर खट् करून बसवायचे, पोळ्या पुढे चालू.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत धाकट्या नणंदबाई अमेरिकेहून आल्या आणि तिथून हे सुरू झालं. त्या राहतात व्हरमाँटच्या एका खेड्यात, तिथे घर गरम ठेवणं, अंघोळीचं पाणी, स्वयंपाक, सगळं प्रोपेनवर. अंगणात पांढरी लांबट टाकी, पाचशे गॅलनची. पाचशेची असली तरी भरतात ऐंशी टक्केच कारण उन्हात आतला द्रव फुगतो, त्याला जागा लागते. ह्यांनी लगेच कागद घेतला आणि हिशोब केला, चारशे गॅलन म्हणजे दीड हजार लिटर, म्हणजे साडेसातशे किलोच्या वर, भागिले १४.२, आल्या आपल्या पन्नासच्या वर टंक्या! आई म्हणाल्या, "पन्नास टंक्या अंगणात आणि हिला झोप कशी लागते." तर नणंदबाईंनी फोन काढून दाखवला, टाकीवर एक तबकडी असते, आत तरंगणारा गोळा वर-खाली होतो तसा त्याच्या टोकाचा लोहचुंबक बाहेरचा काटा फिरवतो, आणि त्या तबकडीवर एक छोटी डबी चिकटवलेली जी त्या चुंबकाची दिशा वाचून आकडा फोनवर पाठवते. इंदूरात सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खाता खाता त्यांनी सांगितलं, घरी ६१ टक्के आहे. वीस-तीसवर आला की गॅसवाल्या कंपनीचा ट्रक येतो. तो आकडा नुसता सोयीचा नाही, तिथे टाकी पूर्ण रिकामी झाली तर नुसती भरून चालत नाही, आधी गळतीची तपासणी होते मग पुन्हा सुरू, आणि बाहेर बर्फ. तिकडचा गॅस जवळजवळ शुद्ध प्रोपेन असतो, तो उणे ४२ डिग्रीपर्यंत उकळत राहतो म्हणून त्या थंडीतही चालतो. आपल्या टंकीत ब्यूटेनही बराच, तो शून्याच्या आसपासच हातपाय गाळतो. आपली टंकी नणंदबाईंच्या अंगणात नेऊन ठेवली तर जानेवारीत चहासुद्धा धड व्हायचा नाही.

झालं. ह्यांच्या डोक्यात किडा गेला. आधी बाजारातून एक घड्याळवाला रेग्युलेटर आणला, त्यात हिरवा-पिवळा-लाल पट्टा आणि काटा. दुकानदार म्हणाला, "भिया, पेट्रोल के काटे जैसा है." पंचवीस दिवस काटा हिरव्यातच. ह्यांना वाटलं आपण किती काटकसरी. सव्विसाव्या दिवशी काटा एका दुपारात हिरव्यातून सरळ लालमध्ये आणि गॅस बंद. मग भाच्याने समजावलं, थोरल्या नणंदेचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. "मामी, कुकरमध्ये पाणी वाटीभर असो की तांब्याभर, शिटी तेवढ्याच जोरात होते ना? तसंच हे. टंकीत द्रव आहे, त्याच्यावर वाफ, जोपर्यंत द्रव शिल्लक आहे तोपर्यंत दाब तेवढाच. थंडी-उन्हाने बदलेल, उरलंय किती त्याने नाही." म्हणजे तो काटा दाब दाखवत होता आणि आम्ही त्याला गॅस समजत होतो. आपल्या टंकीत तरंगता गोळाही नाही. हां, तो इंडेनचा कंपोझिट सिलिंडर निघालाय, १० किलोचा, त्यात उजेडात धरून बघितलं तर आतली पातळी दिसते म्हणे, पण आमच्याकडे लोखंडीच. लोखंडी टंकीत किती आहे हे कळायचा खात्रीचा रस्ता एकच, वजन.

भाचा म्हणाला, जुना वजनकाटा आहे का घरात? होता. बाथरूमबाहेरचा काचेचा, ज्यावर मी रोज सकाळी श्वास रोखून उभी राहायचे. त्याने तो उलटा करून खोलला, चार कोपऱ्यांतल्या चार पायांत एकेक लोड सेल निघाला, धातूची जीभ, तिच्यावर वजन आलं की ती केसभर वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा रोध बदलतो, एवढंच तिचं काम. त्या चौघांना एका नखाएवढ्या चिपला जोडलं, ती चिप वायफायवाल्या दुसऱ्या चिपला, वर प्लायचा चौकोन, त्यावर टंकी. मी एकच अट घातली की प्लग ओट्याखाली नको. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साठतो, तिथे ठिणगीचा कारभार कशाला. भाच्याने मान डोलावली, सगळं डबीत बंद केलं आणि वायर फिरवून पार हॉलमध्ये नेली. मग ह्यांच्या, माझ्या आणि बंगलोरच्या चिरंजीवांच्या फोनवर ॲप टाकलं. वर गोल, त्यात आकडा, खाली ग्राफ. माझा काटा गेला पण टंकीला मिळाला, आणि टंकीचं वजन रोज कमी होतं, हे बघून मला जरा लागलंच.

पहिले दोन दिवस कौतुक. तिसऱ्या दिवशी सकाळी ४३ वर झोपलेली टंकी ४४ वर उठली. आई म्हणाल्या, "अक्षय पात्र आहे की काय." तसं काही नाही, एवढं वजन सतत डोक्यावर असलं की ती जीभ हळूहळू सुस्तावते, थंडी-उन्हाने पण आकडा शे-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे होतो. त्याचं काही नाही. खरी गंमत होती ती रिकाम्या टंकीच्या वजनाची.

तर काय आहे, आत गॅस १४.२ किलोच, पण प्रत्येक टंकीचं स्वतःचं वजन वेगळं. वरच्या कड्याला जोडणाऱ्या ज्या पट्ट्या असतात त्यांच्यावर ते कोरलेलं असतं, कोणाचं १५.३, कोणाचं १६.२. (दुसऱ्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि साल असतं, ते पुढच्या तपासणीचं, ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर असं, तेही बघून घेत जा, टंकीवाला घाईत असतो.) नवी टंकी लावली की तिचं वजन ॲपमध्ये भरायचं, तरच पुढचं गणित बरोबर. हे काम माझ्याकडे होतं. गेल्या दिवाळीच्या आधी मी टंकी बदलली, हात पिठाचे होते, म्हटलं मग भरते. आणि राहिलं ते राहिलंच.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शेजारच्या भाभींकडे अचानक बारा पाहुणे. त्यांची टंकी संपलेली. ह्यांनी फोन बघितला, आठ टक्के, म्हणजे अकराशे ग्रॅम, आपल्याला रोज साडेचारशे लागतो, अडीच दिवस आरामात, आपली बुक केलेली उद्या येतेय, द्या त्यांना आपली भरलेली. इतक्या रुबाबात दिली की विचारू नका. दुपारी मी चकल्या घातल्या. दुसरा घाणा तेलात, वरची बाजू जेमतेम रंगायला लागलेली, आणि खालची ज्योत एकदम बुटकी झाली, लालसर झाली, एकदा फडफडली आणि गेली. फोनवर सहा टक्के. शेगडीवर शून्य. चकल्या गार होत चाललेल्या तेलात बसून तेल पीत राहिल्या, त्यातली एक मी नंतर दाबून बघितली तर बोटाला धार लागली. जुन्या टंकीचे १५.३ आणि ह्या टंकीवर १६.२, मधले नऊशे ग्रॅम लोखंड आम्ही गॅस म्हणून मोजत होतो.

तेव्हा घरात जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. भांडण नाही हो, पण हे म्हणाले, "भरलं नव्हतंस?" बस एवढंच. मी म्हटलं, "आणि दिली कोणी?" बंगलोरहून मेसेज, "आई, मी सकाळीच विचारणार होतो." तीस वर्षांत टंकी किती वेळा ऐन वेळी संपली असेल, ती आपली आपण संपायची, पाऊस यावा तशी. आता ती कोणामुळे तरी संपते. आकडा आला की त्याच्या मागोमाग एक माणूसही लागतो ज्याने तो बघायला हवा होता, आणि तो माणूस बहुतेक वेळा मीच. आई तेवढ्या अलिप्त. कालनिर्णयात "टं."चा चौकोन दाखवून म्हणाल्या, "सत्ताविसावा दिवस होता, त्यात फराळाचा आठवडा. मला कोणी विचारलंच नाही."

विचारत नाहीच आता कोणी. वीसच्या खाली आकडा गेला की घराचा सूरच बदलतो. रविवारी पुरणाची डाळ काढली तर हे फोन बघून म्हणतात, "आज नको, बाराच आहेत." अरे, दुसरी टंकी कोपऱ्यात भरलेली उभी आहे! पण आकडा दिसला की माणूस त्याला वाचवायला लागतो, फोनची बॅटरी वाचवतो तसं. मी मुद्दाम दोन टक्क्यांवर पुरण घातलं एकदा. छान झालं.

चिरंजीवांना ग्राफचा नाद. सकाळी पोह्यांची छोटी पायरी, दुपारी पोळ्या-भाजीचा मोठा उतार, संध्याकाळी चहाचा खाचा, त्याला बंगलोरला बसून आमचा दिवस दिसतो. "आज डाळ-बाफले का गं? दीड तास चाललंय." पहिल्यांदा ऐकून बरं वाटलं, मुलगा घराकडे बघतोय. मग डिसेंबरात एक दिवस फोन, "आई, रोज पहाटे साडेतीनला एक पायरी दिसतेय. पंधरा-वीस ग्रॅमची. कोण उठतं?"

मला माहीतच नव्हतं. आमची खोली वरच्या मजल्यावर. जेवताना विचारलं तर आई ताटाकडे बघत म्हणाल्या, "झोप येत नाही, चहा करते. कप भर." किती दिवसांपासून? "होतील वर्ष-दोन वर्षं." हे म्हणाले डॉक्टरकडे जाऊ, मी म्हटलं उठवत जा ना आम्हाला, बंगलोरहून व्हिडिओ कॉल आला की आजी, रात्री चहा घेतेस म्हणून झोप येत नाही. आईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. वाटीतलं ताक संपवलं. म्हणाल्या, "पंचवीस वर्षं ह्या ओट्याशी उभी आहे, आता कपभर चहा टंकीला विचारून करायचा का?"

त्यानंतर ग्राफ पहाटे सपाट झाला. एकदम सपाट, आठ दिवस, पंधरा दिवस. परवा मला खोकल्याने जाग आली, पाणी प्यायला खाली आले तर स्वयंपाकघरात दिवा नाही, पण काहीतरी टूं वाजलं. सणासुदीला काढतो तो इंडक्शन, ओट्याच्या कडेला, त्यावर छोटं पातेलं, आलं ठेचल्याचा वास, आणि त्या लाल आकड्यांच्या उजेडात आई शाल गुंडाळून उभ्या. मला बघून दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "घेतेस का अर्धा कप?"

घेतला. सकाळी चिरंजीवांचा मेसेज, आजीला आता नीट झोप लागतेय वाटतं, ग्राफ क्लीन आहे. मी अंगठा पाठवला.