तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आमचं इन्स्टाग्राम कोण बघतं

"अजून तुम्हीच बघता? एखाद्या पोराला देऊन टाका की. त्यांना पाच मिनिटांचं काम असतं."

हे मला व्यवसाय करणारी माणसं सांगतात, न करणारीही सांगतात. मी "हो, बघू" म्हणून विषय बदलते, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात मी फारशी चांगली दिसत नाही. आज एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

जुनं फर्निचर दुरुस्त करून पॉलिश करायचं आमचं चौघांचं वर्कशॉप आहे. पोराला देऊन पाहिलंय.

पोरगा म्हणजे माझा भाचा. हौसेने त्याने सगळी खाती उघडली आणि सगळी स्वतःच्या नंबरावर, स्वतःच्या ईमेलवर. दोन वर्षं उत्तम चाललं. मग तो नोकरीसाठी लांब गेला, नंबर बदलला, आणि एका सकाळी इन्स्टाग्रामने मला बाहेर काढून ओटीपी मागितला. तो जात होता बंद पडलेल्या नंबरावर. फेसबुकच्या पेजला तर वेगळा पासवर्डच नसतो. ज्याच्या प्रोफाइलला अधिकार दिलेत, त्याच्याच दारातून आत जायचं. "मावशी, या रविवारी बसून करून टाकू," यात बरेच रविवार गेले. चूक त्याची नव्हती. दुकान माझं तर किल्ली कुणाकडे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मोठ्यांचंही असं होतं, हे नंतर वाचलं. २०१३च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीत विकणाऱ्या कंपनीने माणसं कामावरून काढली, तेव्हा त्याचं धावतं वर्णन कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून जगाने वाचलं. त्यातल्या एका ट्विटमध्ये मार्केटिंगचे साहेब विचारत होते, ट्विटर बंद कसं करायचं? लोक यावर खूप हसले म्हणे. मला हसू आलं नाही, कारण भाच्याला मी जवळजवळ हेच विचारलं होतं.

मग हे काम एका एजन्सीला दिलं. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. महिन्याला बारा पोस्ट ठरल्या होत्या आणि बारा यायच्या. त्यातल्या निम्म्या फोटोंतल्या खुर्च्यांना आमच्यापैकी कुणी हात लावलेला नव्हता.

मग ती मुलगी आली. बिलं आणि पार्सलं बघायला घेतली होती. सोशल मीडिया तिने आपणहून मागून घेतला. पहिल्याच आठवड्यात तिने व्यवसायाच्या नावाने वेगळा ईमेल काढला आणि सगळी खाती त्यावर आणली. गूगलच्या प्रोफाइलवर मला मालक केलं, स्वतः फक्त मॅनेजर राहिली. "म्हणजे उद्या मी तुम्हाला काढू शकणार नाही, ताई, पण तुम्ही मला काढू शकाल," असं हसत म्हणाली. आमचे मिस्त्री कापडाच्या पुडीने फ्रेंच पॉलिश चढवताना तिने वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, ही चमक एका किड्याची आहे. या पॉलिशमधलं शेलॅक लाखेच्या किड्यापासून होतं, हे आम्हाला इतकं सवयीचं की सांगावंसं कधी वाटलं नव्हतं. त्या व्हिडिओने जेवढी गिऱ्हाइकं आणली, तेवढी माझ्या एकाही पोस्टने आणलेली नाहीत. हे मी तिला कधी बोलून दाखवलं का? नाही.

एका गृहस्थांनी वडिलांच्या लिहायच्या टेबलाचे चार फोटो पाठवून विचारलं, वरचा काळा थर काढून मूळ लाकूड दिसेल का? उत्तर गेलं, "हो, नक्की होईल." चार दिवसांनी ते गाडी करून टेबल घेऊन आले. मिस्त्रींनी कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. व्हिनिअर होतं. वर अर्धा-पाऊण मिलिमीटर चांगलं लाकूड, खाली साधा बोर्ड. डाग खोलवर गेलेले. पॉलिश पेपर मारत गेलं असतं तर डागाआधी व्हिनिअरच संपलं असतं.

मी "जमणार नाही" म्हणाले. त्यांनी फोन काढून मेसेज दाखवला. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. आणि मी म्हणाले, "हे मी नाही लिहिलेलं. आमच्याकडे एक मुलगी आहे, तिने लिहिलंय. तिला यातलं काही कळत नाही."

ती दोन हातांच्या अंतरावर बसून बबल रॅप कापत होती. तिची कात्री थांबली. मान काही वर झाली नाही.

गृहस्थ गेल्यावर तिने फोन माझ्यासमोर धरला. मला पाठवलेले तेच चार फोटो, खाली प्रश्न: "ताई, हे होईल ना? हो सांगू?" आणि त्याखाली माझा अंगठा. त्या वेळी मी कुठे होते, काय करत होते, मला आठवत नाही. फोटो उघडले नव्हते, एवढं नक्की. ती एवढंच म्हणाली, "मला कळत नाही म्हणूनच विचारलं होतं."

मी सॉरी म्हणाले. पण तिच्या एकटीसमोर. गृहस्थांना फोन करून "चूक माझी होती" हे सांगायचं राहिलं. खरं म्हणजे मी ते राहू दिलं. महिनाअखेरीला तिने काम सोडलं. जाताना बिलबुकाच्या एका पानावर सगळे पासवर्ड, कुठे कुणाला काय अधिकार आहेत ते, आणि ओटीपी आला नाही तर वापरायचे इन्स्टाग्रामचे आठ आकडी बॅकअप कोड सुवाच्य अक्षरात लिहून दिले. प्रत्येक कोडपुढे चौकोन, वापरला की खूण करायला. असं काम सोडताना मी तरी करून दिलं नसतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी सगळ्यांना ठासून सांगायचे की मालकाने स्वतःच करावं, बाहेरच्याला धंदा कळत नाही. आता ते आठवलं की ओशाळायला होतं. माझ्या हातात हे खातं आल्यापासून मेसेजला उत्तर जायला दोन-दोन दिवस लागतात. एका वाईट रिव्ह्यूखाली मी रात्री साडेअकराला जे लिहिलं, ते सकाळी स्वतःच पुसलं. म्हणजे धंदा कळणारीने करूनही हे असं.

तरी एक गोष्ट मी सोडायला तयार नाही. पोस्ट टाकणं ही दुकानावरची पाटी, ती कुणीही चांगल्या हाताने रंगवावी. इनबॉक्स म्हणजे गल्ला आहे, तिथे दिलेला शब्द दुकानाचा असतो. यावर लगेच कुणी म्हणेल, मग त्या दिवशी गल्ल्यावर बसून अंगठा कुणी दाखवला? बरोबर आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही.

गेल्या महिन्यापासून एक मुलगा येतो. पोस्ट तो करतो, मेसेज मी बघते. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काही अडलं तर व्हॉट्सॲप करू का?" मी म्हटलं, नको, समोर येऊन विचार. तो आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. त्या तीन दिवसांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.