जंतू मेले, हे कशावरून?

धोकादायक रोगजंतूंच्या प्रयोगशाळेत मला सर्वाधिक धास्ती वाटते ती ‘निष्क्रिय’ असे लेबल लावलेल्या नळीची. जिवंत विषाणूची नळी सगळेच जपून हाताळतात. निष्क्रिय ठरवलेली नळी मात्र कमी बंदोबस्ताच्या खोलीत जाते आणि तिथे तिच्यासाठी कोणी मास्कही लावत नाही. बीजिंगमध्ये 2004 साली सार्सचा संसर्ग प्रयोगशाळेतून बाहेर पडला तो याच वाटेने. विषाणू पुरता निष्क्रिय झालेला नव्हता आणि बाधित विद्यार्थिनीच्या आईला प्राण गमवावे लागले.

2014 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत अँथ्रॅक्सच्या जीवाणूंवर रासायनिक प्रक्रिया झाली, 24 तासांत जंतू वाढवून पाहण्याच्या बशीवर वाढ दिसली नाही, एवढ्या आधारावर नमुने कमी सुरक्षेच्या प्रयोगशाळांकडे गेले, आणि उबवणयंत्रात राहिलेल्या बशीवर पुढे वाढ आढळली. सुदैवाने कोणी आजारी पडले नाही. रसायनाचा मार बसलेले बीजाणू, म्हणजे जीवाणूंची चिवट, सुप्त रूपे, उशिरा अंकुरू शकतात, म्हणून किती तास थांबायचे हे त्या जीवाणूवर, त्याच पद्धतीने, आधी तपासून ठरवायला हवे होते.

ऑटोक्लेव्हचे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राचेही तेच. त्यात घातलेल्या कचऱ्याच्या पिशवीवरची पट्टी काळी पडली की काम झाले असे अनेकजण मानतात. पण ती पट्टी फक्त बाहेरच्या उष्णतेची साक्ष देते. गच्च भरून तोंड आवळलेल्या पिशवीच्या मध्यभागी वाफ पोहोचलीच नाही, तर यंत्रावर 121 अंश दिसत असूनही आतले जंतू जगू शकतात. म्हणूनच उष्णतेला चिवट असलेल्या जिओबॅसिलस या जीवाणूच्या बीजाणूंची कुपी पिशवीच्या पोटात ठेवायची असते, वरच्या थरात नव्हे.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पाइक यांनी 1976 साली प्रयोगशाळेत झालेल्या 3921 संसर्गांचा आढावा घेतला, तेव्हा ज्ञात अपघाताशी जोडता आलेले संसर्ग एक पंचमांशाहूनही कमी निघाले. म्हणजे ना सुई टोचली, ना काही सांडले, तरी माणसे आजारी पडली; अशा ठिकाणी ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा मी तरी मानणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या जैवसुरक्षा पुस्तिकेनेही जोखमीचे मूल्यमापन आणि पुरावा यांवरच भर दिला आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

म्हणून पिशवीच्या पोटात ठेवलेली बीजाणूंची कुपी ऑटोक्लेव्हमधून बाहेर काढल्यावर ती उबवायची, आणि सोबत ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी कुपीही ठेवायची. या दुसरीत वाढ व्हायलाच हवी, कारण बीजाणू मुळात जिवंत होते हे तिच्यावरूनच कळते. ती झाली नाही, तर पहिलीचा स्वच्छ निकालही बाद धरून चाचणी पुन्हा करायची आणि तोवर ती पिशवी बाहेर जाऊ द्यायची नाही.