वासाची वही, महिना पाचवा: सहापैकी साडेचार आणि आईचा 'हिवस'

मागचं अपडेट फेब्रुवारीत टाकलं होतं, मग मार्च एंडिंग आलं आणि बँकेत नोकरी करणाऱ्याला त्या दिवसांत आपल्याला नाक आहे हेसुद्धा आठवत नाही. पण वास ओळखायच्या सरावाची ही वही बंद पडलेली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी डोळ्यांवर रुमाल बांधून बसतो, बायको मसाल्यांच्या वीस बाटल्यांतल्या कुठल्याही सहा काढून एकेक नाकाखाली धरते, मी नाव सांगायचं आणि तिनं लिहायचं. जानेवारीत सरासरी सहात दोन होती, त्यातला एक बहुतेक वेळा हिंग, आणि हिंग काय, गल्लीतलं मांजरपण ओळखेल. मे महिन्यात साडेचारवर आलोय.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी माझी चूक करू नका. मी आधी प्लास्टिकच्या छोट्या डब्या आणल्या, स्वस्त पडल्या म्हणून. दहा दिवसांत सगळ्या डब्या हिंगाच्या झाल्या, अगदी वेलदोडासुद्धा आमटीत बुडवून काढल्यासारखा. आता होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटल्या आहेत, तळाला नंबराची चिठ्ठी, बाहेरून कागद गुंडाळलेला. माल दर पंधरा दिवसांनी बदलायचा आणि भरताना जरासा ठेचायचा, अख्खी लवंग बाटलीत गप्प बसते. तीन-चार बाटल्यांनंतर नाक बधिर होतं तेव्हा मी कॉफीच्या बिया वगैरे काही हुंगत नाही, सरळ आपल्याच कोपरात नाक खुपसतो आणि दोन श्वास घेतो. तेवढं पुरतं.

अजून कुठे गंडतोय तर बडीशेप आणि चक्रफूल. पण यात माझी लाज नाही, दोन्हींच्या वासातला मुख्य ऐवज एकच आहे, ॲनेथॉल, म्हणजे नाक खोटं बोलत नाहीये. आता युक्ती सापडलीय, बडीशेपेच्या मागे काहीतरी हिरवं, ओलं येतं आणि चक्रफुलाच्या मागे सुतारकाम. जिरं-ओवा सुटलं, ओव्याचा थायमॉल थेट कपाळात जातो. जिरं आणि शहाजिरं मात्र नाही म्हणजे नाही.

आता खरी गोष्ट. अकरा नंबरची बाटली आली की मला दरवेळी आजोळची ट्रंक दिसायची, सांगलीजवळच्या हरिपूरची, आजीची नऊवारी लुगडी, पत्र्याचं झाकण उघडताना होणारा आवाजसुद्धा. पण नाव येईना. आठ दिवसांत चार वेळा आली ती बाटली आणि चारही वेळा शून्य, कारण बायकोचा नियम कडक, "ट्रंक हे उत्तर चालणार नाही, अहो." शेवटी आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अरे वेखंड ते, तुला न्हाऊ घातल्यावर लावायचो की!" झालं. त्या दिवसापासून अकरा नंबर एकदाही चुकलेला नाही. ओळखीचा वास येतो, नाव येत नाही, याला वासावर काम करणाऱ्यांनी १९७७ सालीच नाव देऊन ठेवलंय, जिभेच्या टोकावर असतं तसं नाकाच्या टोकावर. म्हणजे रोग जुनाच आहे.

यानंतर आईनं वही मागून घेतली. दोन महिने मी काय लिहिलं होतं तर "छान", "उग्र", "वेगळाच", "छान पण उग्र". आई चष्मा लावून पानं उलटत होती आणि मग म्हणाली, "हे वास आहेत का पोराच्या प्रगतिपुस्तकावरचे शेरे?" ती दिवसभर किती शब्द वापरते ते मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं. दूध जरा तळाला लागलं तर धुरकट. खोबरं जुनं झालं की खवट. पावसात न वाळलेला टॉवेल कुबट, बंद खोली कोंदट, ताक आंबूस, माठातलं पहिलं पाणी मातकट.

आणि हिवस. परवा मी घासलेला स्टीलचा ग्लास तिनं पाणी पिताना तोंडापासून लांब धरला आणि म्हणाली, "हिवस वास येतोय, परत घास." मी हुंगला, मला स्टील सोडून काही येईना. तिनं ग्लासात थोडं कोमट पाणी घातलं, हलवून ओतलं, "आता बघ". आणि आला की हो. थंड, कच्चा, ओल्या लोखंडासारखा, जिभेच्या मागच्या बाजूला बसणारा. सकाळी त्याच सिंकमध्ये ऑम्लेटची ताटली पडली होती. आता मला हा वास हॉटेलात, लग्नात, ऑफिसच्या पँट्रीत सगळीकडे येतो आणि मी पाणी न पिता परत येतो, हा या छंदाचा तोटा समजा.

मलाय द्वीपकल्पातल्या जंगलात जहाय नावाचे लोक राहतात, त्यांच्या भाषेत वासांना रंगांसारखे स्वतंत्र शब्द आहेत आणि २०१४ साली आलेल्या अभ्यासात ते वासाचं नाव रंगाच्या नावाइतक्या सहज सांगताना दिसले, इंग्रजी बोलणारे मात्र वासाशी अडखळत होते. वाचून मला आईच आठवली. म्हणून मार्चच्या शेवटापासून वहीत कॉलम बदललाय, आधी शब्द (मातकट, खमंग, ओशट वगैरे), मग नाव. स्कोर खरा वर गेला तो तेव्हापासून. आता नुसती प्रॅक्टिस झाली म्हणूनही गेला असेल, पण मी श्रेय आईलाच देणार, जेवण तिच्या हातचं आहे.

मार्चमधल्या एका रविवारी हरिपूरला गेलो होतो, हळद शिजवण्याचे दिवस होते, रस्त्यावरच तो मातकट-गोडसर वास गाडीबरोबर पळत होता. शिजलेल्या हळदीचा वास डब्यातल्या पुडीत शोधू नका, मिळणार नाही. आईनं लहानपणी हळदीची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे) बघितलीत, म्हणते पेव उघडलं तरी लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. २००५ च्या महापुरात तिथल्या बऱ्याच पेवांची वाट लागली, त्यामुळे पेवाचा वास माझ्या वहीत येणं अवघडच आहे.

एप्रिलमध्ये डंकावर चटणी कुटायला गेलो (बाहेरच्यांसाठी: डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, आणि आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात). ब्याडगी, संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा-लसूण, धणे, आणि रांगेत माझ्यासकट सगळे शिंकतायत. वहीत मी ऐटीत लिहिलं, "मिरचीचा वास, तीव्र". मग खोडलं. ठसका हा वास नाहीच, तो झोंबण्याचा, जळजळीचा निरोप चेहऱ्याच्या वेगळ्याच मज्जातंतूवरून येतो. डोळे पुसून जरा लांब, रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा मिरचीचा खरा वास आला, गोडसर, मनुक्याच्या जवळचा. आणि आपल्याकडे तासगाव बाजूला असल्यामुळे मनुका-बेदाण्याचं नाक पक्कं असतं, त्यात चूक नाही.

मुलीबरोबर एक गंमत केली, तुम्हीपण करा. नाक घट्ट दाबून वेलदोड्याचा पेढा तोंडात टाकायचा. चावत राहायचं. नुसतं गोड आणि पिठूळ, वेलदोडा पत्ताच नाही. मग नाक सोडायचं. ती पहिल्यांदा दचकलीच, "बाबा, आत्ता आला!" घशाच्या मागून नाकात चढतो तो वास, आपण त्यालाच चव म्हणतो. त्या नादात पावशेर पेढे संपले आणि बायकोनं सॅम्पल खरेदीवर बंदी घातली.

जूनसाठी तीन बाटल्या नव्या: जायपत्री, दगडफूल, नागकेशर. दगडफूल कच्चं हुंगलं तर धुळीसारखं लागतं, तेलात पडल्यावर बोलायला लागतं, म्हणून एक चमचा तेलात परतून भरणार आहे, कुणी केलं असेल तर किती दिवस टिकतं सांगा. नागकेशर मात्र दोन दुकानांतून आणलं तर दोन्ही वेगळ्याच वस्तू निघाल्या, एक लांबट कळी आणि एक काळपट मिरीएवढं फळ. आईनं दोन्ही हुंगून बाजूला ठेवलीत आणि काहीच बोलत नाहीये.