माळकरी अप्पा वाईन क्रूझवर

मुळात हा प्लॅन आमच्या दोघांचाच होता. लग्नाला वीस वर्षं झाली, नवरा म्हणाला यंदा महाबळेश्वर वगैरे नको, डॅन्यूब नदीवरची क्रूझ करू, जर्मनीतल्या पासाउपासून बुडापेस्टपर्यंत सात रात्री, रोज नवं गाव नि रोज नवी वाईन. मी हे फोनवर आईला सांगितलं, आईने अप्पांना सांगितलं, आणि दोन दिवसांनी अप्पांचा फोन, "ताई, द्राक्षाचा मुलूख आहे म्हणे तो. मग आम्हाला पण दाखव की."

झालं. अप्पा म्हणजे माझे वडील, वय ७३, निफाडजवळ सहा एकर द्राक्षबाग आणि गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात चहापेक्षा कडक काही प्यायलेले नाहीत. त्यांची अट एकच होती, गोडी छाटणीच्या, म्हणजे द्राक्षाच्या ऑक्टोबरमधल्या छाटणीच्या, आत परत यायचं. म्हणून सप्टेंबरची बुकिंग केली.

पासाउ हे अगदी ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं गाव. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. टोकाला जाऊन उभं राहिलं की तीन रंगांचं पाणी दिसतं असं सगळे सांगतात, आम्हाला दोनच दिसले, तिसरा बहुतेक फोटोवाल्यांना दिसत असावा. पण खरी मजा नदीकाठच्या जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर आहे. तिथे शेकडो वर्षांच्या पुरांच्या रेघा मारून ठेवल्यात, बाजूला साल लिहिलेलं. सगळ्यात वर १५०१ ची रेघ आणि तिच्या थोडी खाली २०१३ ची. २०१३ साली पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं होतं. अप्पा मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा यांचा दुतोंड्या मारुती." नाशिककरांना वेगळं सांगायला नको, गोदावरीला पूर आला की आपण पण मीटर-फूट विचारत नाही, पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला एवढंच विचारतो.

बोटीबद्दल थोडं सांगते कारण सगळे तेच विचारतात. नदीवरची बोट ही समुद्रातल्या क्रूझसारखी दहा मजली नसते, लांब आणि बुटकी असते, कारण पुलांखालून जायचं असतं. पूल खाली असला की वरचा डेक बंद करतात आणि कॅप्टनची केबिनसुद्धा खाली घेतात. आणि जे ब्रोशरमध्ये कुणी दाखवत नाही ते म्हणजे धक्क्यावर जागा कमी असली की बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात. सकाळी मी उठून हौसेने पडदा सरकवला तर समोर डॅन्यूब नाही, एक टक्कल पडलेले काका दात घासतायत, हातभर अंतरावर. त्यांनी ब्रशनेच गुड मॉर्निंग केलं. व्हेज जेवणाचं आधी तीनदा ईमेल करून सांगितलं होतं तरी पहिले चार दिवस रात्री पास्ताच, शेवटी आईने खाकऱ्याचा डबा काढला.

अप्पांना मात्र बोटीत एक गोष्ट प्रचंड आवडली, लॉक. पासाउ ते व्हिएन्ना या पट्ट्यात नदीवर नऊ धरणं आहेत, वीज काढतात त्यांच्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी बोट एका काँक्रीटच्या हौदात शिरते, मागचं दार लागतं, पाणी खाली सोडतात आणि बोट लिफ्टसारखी हळूहळू खाली जाते, मग पुढचं दार उघडतं. रात्री दोन वाजता अप्पा स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून डेकवर. "पंप नाही, मोटार नाही, नुसत्या उताराचं पाणी" असं सकाळी नाश्त्याला आम्हाला दोनदा समजावून सांगितलं. पाण्यासाठी रात्री जागायची सवय काय मोडत नाही, नुसती ठिकाणं बदलतात.

ऑस्ट्रियातल्या मेल्कचा मठ भव्य आहे, पिवळाधमक, नदीच्या वर कड्यावर. बेनेडिक्टाइन साधू तिथे १०८९ पासून आहेत, आत्ताची इमारत १७०२ ते १७३६ मधली. आत सोनंच सोनं. आई खूश, मला पाऊण तासाने डोळ्यांना थकवा आला, तेव्हा पुढे सरकते.

कारण मेल्क सोडलं की सुरू होते वाखाउ. मेल्क ते क्रेम्स साधारण ३५ किलोमीटरची ही दरी, २००० साली युनेस्कोच्या यादीत आली, आणि या पट्ट्यात नदीवर एकही धरण नाही. १९७० च्या दशकात इथेही करायचं घाटत होतं, गावकऱ्यांनी होऊ दिलं नाही. म्हणून इथे डॅन्यूब खरोखर वाहते, बोटीला पण ते जाणवतं. निळी मात्र ती अजिबात नाही हां, पावट्याच्या उसळीसारखा रंग आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यांच्यावर पडके किल्ले, खाली चर्चचे मनोरे, जर्दाळूच्या बागा, आणि डाव्या तीरावर पायऱ्यापायऱ्यांची द्राक्षं, थेट कड्यापर्यंत. विलेनडॉर्फ नावाचं एक छोटंसं गाव गेलं, तिथे १९०८ साली ती प्रसिद्ध दगडी बाईची मूर्ती सापडली, जेमतेम ११ सेंटीमीटरची आणि वय सुमारे तीस हजार वर्षं. ती आम्ही नंतर व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये पाहिली, आई म्हणाली एवढ्याशा बाईसाठी केवढी खोली.

डेकवर सगळे हातात ग्लास घेऊन फोटो काढत होते आणि अप्पा डोळ्यावर हात धरून डोंगर न्याहाळत होते. "ट्रॅक्टर जाणार नाही इथं. फवारणी कशी करत असतील?" हा त्यांचा वाखाउबद्दलचा पहिला प्रश्न.

ड्यूर्नश्टाईनला बोट साडेतीन तास थांबणार होती. गाव एवढंसं, निळ्या-पांढऱ्या मनोऱ्याचं, आणि डोक्यावर पडका किल्ला. या किल्ल्याची गोष्ट भारी आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड, तोच सिंहहृदयी म्हणतात तो, धर्मयुद्धावरून वेष पालटून घरी निघाला होता, डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला. ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डचा त्याच्यावर आधीपासून राग होता, त्याने ह्याला इथे डांबला, मग पुढच्या वर्षी सम्राटाच्या ताब्यात दिला, आणि इंग्लंडकडून चांदीची एवढी खंडणी उकळली की लिओपोल्डच्या वाट्यात व्हिएन्नाचा तट वाढवून झाला आणि वर वीनर नॉयश्टाट नावाचं अख्खं नवं शहर वसलं. नवरा ग्रुपबरोबर किल्ला चढायला गेला. अप्पा म्हणाले, किल्ले आपल्याकडे कमी आहेत का, मला बागेत ने.

म्हणून मी, आई आणि अप्पा गावाच्या वेशीतून बाहेर पडून शेजारच्या लॉयबन गावाच्या दिशेने चालायला लागलो. दोन्ही बाजूंना बागा, कुंपण नाही, राखण नाही. अप्पा पहिल्याच ओळीशी थांबले आणि घडाकडे बघून म्हणाले, "एवढे बारके मणी? हा माल आपल्याकडे कोल्ड स्टोरेजवाला दारातून परत पाठवेल." अप्पांचं सगळं आयुष्य १६ मिलीमीटरच्या वरचा मणी काढण्यात गेलंय, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, कागद लावणं. मी त्यांना सांगितलं की वाईनला बारकाच मणी बरा, साल जास्त नि रस कमी, चव सालीत असते. ते ऐकून घेतात पण पटलेलं नसतं, तो चेहरा मला चांगला माहीत आहे.

मग आम्ही थोडं वर, त्या पायऱ्यांपाशी गेलो. दगडी बांध, छातीइतके उंच, आणि मध्ये सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. अप्पांनी एका फटीत बोटं घालून पाहिली, मग तळवा भिंतीवर ठेवला आणि मला म्हणाले, हात लाव. भिंत गरम होती, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी. दिवसभर हे दगड ऊन पितात आणि रात्री वेलींना परत देतात, आणि वरच्या जंगलातून रात्री थंड वारा उतरतो, त्या गरम-गारच्या ओढाताणीत द्राक्षाची आंबट चव आणि सुवास दोन्ही टिकतात. हे मी आदल्या दिवशी बोटीवरच्या टेस्टिंगमध्ये स्लाईडवर पाहिलं होतं आणि विसरले होते. तेवढ्यात दगडावरून एक हिरवागार सरडा, म्हणजे पाल आणि सरडा यांच्या मधलं काहीतरी, सर्रकन गेला. आई किंचाळली. मी मात्र खूश, कारण इथल्या सगळ्यात जड वाईनला ह्याच प्राण्यावरून स्मारागड, म्हणजे पाचू, असं नाव आहे. वाखाउच्या वाईनचे तीन प्रकार, सगळ्यात हलकी श्टाईनफेडर, बांधावर उगवणाऱ्या गवतावरून, ११.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, मग ससाण्याच्या शिकारीवरून नाव पडलेली फेडरश्पील, साडेबारापर्यंत, आणि त्याच्यावर स्मारागड. गवत, ससाण्याची शिकार आणि पाल. नावं ठेवावीत तर अशी.

परतताना एका घराच्या दारावर काठीला हिरव्या फांद्यांची जुडी लटकवलेली दिसली. म्हणजे हॉयरिगर, शेतकऱ्याच्या घरचं वाईनचं दुकान, उघडा आहे. ही पद्धत फार जुनी आहे, १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढलं की शेतकऱ्याला स्वतःची वाईन स्वतःच्या दारात विकता येईल, तेव्हापासून शेतकरी आळीपाळीने काही आठवडे अंगणात बाकं टाकतात, स्वतःचीच वाईन आणि गार खाणं, बास. मेनूत पाऊण भाग डुक्कर, पण ब्रेड आणि लिप्टाउअर नावाचं तिखटसर चीज मिळालं, आईने त्यावर बॅगेतली लसणाची चटणी भुरभुरवली. मी एक अख्टल फेडरश्पील घेतली, ग्रुनर फेल्टलिनर जातीच्या द्राक्षाची. अख्टल म्हणजे लिटरचा आठवा भाग, आपल्या कटिंगसारखाच हिशोब. गार, कोरडी, आणि गिळल्यावर जिभेवर पांढऱ्या मिरीची हलकीशी चुणचुण. बोटीवर रोज संध्याकाळी जे ओतत होते त्याच्यापुढे काहीच नाही. अप्पांना द्राक्षाचा साधा रस मिळतो का विचारलं तर मालकीणबाईंनी मोठा ग्लास भरून दिला. शेजारच्या टेबलावर लोक ढगाळ दुधट असं काहीतरी पीत होते, त्याला श्टुर्म म्हणतात, अर्धवट आंबलेला रस, बाटलीचं झाकण घट्ट लावत नाहीत, नाहीतर गॅसने फुटेल. अप्पांनी वास घेतला आणि ग्लास परत सरकवला, "ताडी आहे ही."

मग मालक आला, साठीचा असेल, हात बघूनच कळलं. मी सांगितलं वडील पण द्राक्षवाले. त्याने अप्पांना सरळ उठवून मागच्या बागेत नेलं, मी दुभाषी म्हणून मागे, माझं जर्मन डुओलिंगोचं आणि त्याचं इंग्रजी माझ्या जर्मनसारखं. पण गरज फारशी पडलीच नाही. अप्पांनी एक पान उलटं करून त्यावरची पांढरी बुकटी दाखवली, म्हणाले "भुरी." तो म्हणाला "ओइडियम." दोघांनी मान हलवली. अप्पांनी हाताने फवारणीची खूण करून विचारलं, "बोर्डो?" आणि तो माणूस एकदम हसला, "या, या, बोर्डो!" मोरचूद आणि चुना, फ्रान्समधल्या बोर्डोच्या बागांतून आलेलं औषध, निफाडात गेली कित्येक वर्षं म्हणतात तो शब्द इथे जसाच्या तसा चालला. मग ठिबकच्या नळ्या दिसल्या, पायऱ्यांवर पाणी टिकत नाही आणि पाऊस कमी म्हणून इथे ठिबक आहेच, अप्पांनी ड्रिपर दाबून पाहिला. एकरी माल किती विचारलं तर आकडेमोड करून साधारण चार टनांच्या आत आला. अप्पांचा दहा-बारा. अप्पांना त्याची दया आली असावी, तोपर्यंत मी बाटलीची किंमत सांगितली आणि ते गप्प झाले.

सगळ्यात मजा छाटणीवर आली. आपल्याकडे वर्षात दोनदा छाटतात, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, हे त्याला पटेचना, दोन बोटं दाखवून तीनदा विचारलं. त्यांच्याकडे हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात, बर्फात एकदाच छाटायची. हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "वेलीला सुट्टी असते म्हणजे यांच्याकडे."

या सगळ्यात बोट सुटायला बावीस मिनिटं उरली होती. नवऱ्याचे चौदा मिस्ड कॉल. आई चप्पल हातात घेऊन धावली, अप्पा मात्र मालकाचा हात हातात घेऊन उभे, निरोप संपेचना. त्याने एक स्मारागडची बाटली अप्पांच्या हातात कोंबली, पैसे घेईना. माळकरी माणूस बाटली काखेत मारून ड्यूर्नश्टाईनच्या गल्लीतून लगबगीने चाललाय हा फोटो मी काढला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा, बुडापेस्ट छानच. व्हिएन्ना शहराच्या हद्दीतच सुमारे सहाशे हेक्टर द्राक्षबागा आहेत हे विशेष, आणि बुडापेस्टला रात्री बोट पार्लमेंटसमोरून जाते तेव्हा खरंच बोलायला सुचत नाही. पण त्यांचे व्हिडिओ सगळीकडे आहेत, बघून घ्या.

घरी आल्यावर अप्पांनी मोबाईल दिला, यातले फोटो काढून दे म्हणाले. ३४० फोटो, त्यात आई सातांमध्ये, त्याही पाचांत अर्धी कापलेली. बाकी बांध, बुंधे, तारा, खांब. परवा बागेत छाटणीला मजूर आले होते तर अप्पा त्यांना झूम करून भिंत दाखवत होते, "बघ, सिमेंट नाही कुठं." शेजारचे तात्या म्हणाले, ते राहू दे, बोट कशी होती ते सांग ना.

"बोट होय? बरी होती," अप्पा म्हणाले आणि पुढचा फोटो दाखवला.

स्मारागड माझ्या फ्रिजमध्ये आहे. दर रविवारी अप्पा फोन करून विचारतात, उघडली का, आणि नाही म्हटलं की म्हणतात, उघडशील तेव्हा मला बोलाव, नुसता वास बघतो.